नकार जमवणारे सर

दर शुक्रवारी म्हात्रे सर वर्गात आले की फळ्याकडे न जाता आधी आमच्या वह्या मागायचे आणि विचारायचे, "कितींनी हाकललं?" कुणालाच कुणी हाकललं नसेल तर घरात कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करून खुर्चीत बसायचे.

सर उरणकडचे. मिठागरावर वाढलेले, ट्रकच्या धंद्यात मुरलेले. ट्रक भावाच्या हवाली करून ते आमच्या कॉलेजात पाहुणे व्याख्याते झाले होते. विषय उद्योजकता. वर्गात अर्धे आम्ही एम.एस्सी.वाले, अर्धे एम.बी.ए.वाले. आमच्याकडे बघून सर म्हणायचे, "तुमच्याकडं म्हावरं, मासली हाय, पन विकायला तोंड नाय." मग दुसऱ्या बाजूला वळून, "आनि तुमच्याकडं नुसतंच तोंड!" दोघांचा एकदमच अपमान झाल्यामुळे आमची पहिल्याच दिवशी दोस्ती झाली.

त्यांचा नियम असा: जोडीत एक विज्ञानाचा, एक व्यवस्थापनाचा. काहीतरी तयार करा, विकायला जा आणि दहा माणसांचा स्पष्ट नकार लेखी आणा, सहीसकट. विक्रीला गुण नाहीत. "घेनारा घेऊन जातो. नाय म्हननारा का नाय ते सांगतो. तो तुमचा मास्तर."

माझ्या जोडीला रोहन होता. एम.बी.ए.वाला, बोलायला लागला की आवरत नसे. मी रसायनशास्त्राची. तीन महिने खपून मी प्रयोगशाळेत बिनवासाचे सुके बोंबील तयार केले. रोहनने त्यांना डबी, चित्र आणि कुणालाही उच्चारता न येणारं इंग्रजी नाव दिलं.

आणि तिथेच आमचं घोडं अडलं. आपल्याकडे तोंडावर 'नाही' म्हणतं कोण? पालीच्या बाजारापासून उरणच्या नाक्यापर्यंत एकच उत्तर. "बघू." "ठेवून जा." "पुढच्या खेपेला नक्की." एका काकांनी आम्हाला चहा पाजला, पोहे खाऊ घातले, माझ्या लग्नाची चौकशी केली, आणि नकाराचा कागद पुढे करताच कानाला हात लावले. "छे, छे! दारात आलेल्या पोरांना नाही कसं म्हणू?" पंधरा दिवसांत आमची वजनं वाढली, वही मात्र कोरीच राहिली.

शेवटी रेवसच्या धक्क्यावर सुकी मासळी विकणाऱ्या जनाबाई भेटल्या. त्यांनी डबी उघडून नाकाशी नेली, पुन्हा नेली, मग माझ्याकडे पाहिलं.

"वास कुठं गेला?"

"मी काढला," मी अभिमानाने सांगितलं.

"का? त्यानं तुजं काय घोडं मारलं व्हतं? वास घेतल्याबिगर गिऱ्हाईक सुका मासा घेतं का कधी? नाय गो बाय, नाय! मांजर पन फिरकायची नाय. उचल ते!"

आम्ही दोघं आनंदाने अक्षरशः नाचलो. मला तर रडू आलं. ते बघून जनाबाई हबकल्या आणि लगेच विरघळल्या. "बरं, रडू नको. घेते दोन डब्या."

"मावशी, नका हो घेऊ! पाया पडते तुमच्या!"

रोहनने त्यांच्या हातातली डबी चक्क हिसकावली आणि सही घेतली. ती आमची पहिली सही.

त्याच महिन्यात समिती आली. वर्ग पुढे चालू ठेवायचा की नाही, हे ती ठरवणार होती. त्या वर्गात सरांचा जीव होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अध्यक्षांनी विचारलं, "किती उद्योग उभे राहिले?" सरांनी टेबलावर नकारांचा गठ्ठा ठेवला. "हे बघा. सगले सहीचे." अध्यक्षांनी चारदोन कागद चाळले. "वा. वेगळाच उपक्रम आहे. बघू."

"'बघू' नको, साहेब," सर म्हणाले. "मी ट्रकवाला मानूस. रस्ता चालू हाय का बंद, तेवढं सांगा."

"तसं नाही, वरिष्ठांशी बोलून..."

"आता तुमीच असं म्हनलात तर पोरांनी काय शिकायचं?"

साहेबांनी चष्मा पुसला, पाणी प्यायलं, छताकडे पाहिलं. अखेर सुटले एकदाचे. "नाही. दोन्ही विभागांना हा वर्ग आपला वाटत नाही. पुढच्या वर्षी तो नसेल."

सरांनी कागद पुढे सरकवला. साहेबांनी मुकाट्याने सही केली. सरांनी वाकून आभार मानले.

मला सरांचा भयंकर राग आला. गप्प राहिले असते तर त्या 'बघू'वर आणखी दोन वर्षं सहज निघाली असती. मी तसं बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, "'बघू'वर बसलेला मानूस ना घरी जातो, बाय, ना कामाला लागतो." पण जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता, ते मी पाहिलं.

सुट्टीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही त्यांच्या भावाच्या ट्रकच्या शेडमध्ये जाऊन थांबलो. जुने, नवे, दोन्ही विभागांचे. सर आले आणि दारातच उभे राहिले.

"इथं कशाला आलात? गुन नाय, हजेरी नाय. जावा घरी."

"नाही," मी म्हणाले.

"नाही," रोहन म्हणाला. मग मागून सगळेच म्हणाले.

सरांना कारण विचारायचं होतं, ते दिसत होतं. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, खूप वेळ पुसलं. मग ट्रकवरची ताडपत्री ओढली आणि आम्हाला बसायला अंथरू लागले. ते वारले त्या आठवड्यापर्यंत त्यांचा तिथला एकही शुक्रवार चुकला नाही.