ट्रुगानिनाचे अपहरणतज्ज्ञ

मुरलीधर खांबेटेला आयुष्यात एकाच गुन्ह्याचा छडा लावायचा होता, आणि तो गुन्हा त्याच्या जन्माच्या पाच वर्षं आधी घडून गेला होता. १९७१ साली अमेरिकेत काळा टाय लावलेला एक सभ्य गृहस्थ विमानात बसला, बॉम्ब आहे म्हणाला, खंडणी आणि चार पॅराशूट मागून घेतली, आणि भर पावसात विमानाच्या मागच्या जिन्यावरून उडी मारून जो गेला तो गेलाच. पुढे नदीकाठी थोड्या कुजक्या नोटा सापडल्या. माणूस सापडला नाही, त्याचं हाडही नाही. एवढ्या सामग्रीवर मुरलीधरने मेलबर्नच्या पश्चिमेला, ट्रुगानिनात, घरच्यांचं डोकं सोळा वर्षं खाल्लं.

अकाउंटिंग शिकायला म्हणून तो २००४ साली मिरजेहून आला. शिकला, पीआर म्हणजे कायम राहायची परवानगी मिळवली, आणि त्या शिक्षणाच्या बळावर एका वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवू लागला. आता शिफ्ट सुपरवायझर होता. बायको सुनेत्रा चाइल्डकेअरमध्ये. मुलगी उर्वी चौदा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र इंग्रजीच. जेवताना विषय कढी फुटल्याचा निघाला तरी तिसऱ्या घासाला विमान यायचं.

"बाबा, ही इज लिटरली डेड," उर्वी म्हणायची.

"पुरावा?" मुरलीधर विचारायचा, आणि ती ताट उचलून निघून जायची.

मग २०२० उजाडलं. शहर बंद झालं, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायची बंदी आली आणि रात्रीची संचारबंदी लागली. लोकांनी घरी पाव भाजले. मुरलीधरने वाऱ्याचा वेग, विमानाची उंची आणि टायची क्लिप यांवर एकशे बारा स्लाइड्स केल्या. ट्रुगानिनाच्या महाराष्ट्र मंडळाला गणपतीत झूमवर व्याख्यानमाला करायची होती, आणि मिळेल तो वक्ता हवा होता. अशा रीतीने मुरलीधर मिळाला.

याच दिवसांत मिरजेहून फोन आला. आई पद्माबाई एकटी राहायची. निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर. खालच्या मजल्यावरचा केमिस्ट श्रीनिवास म्हणाला, "मुरलीभाऊ, काकू गॅलरीत चक्कर येऊन पडल्या. डॉक्टर हार्टचं म्हणतायत. तुम्ही येऊन जावा."

येऊन जावा म्हणणं सोपं होतं. ऑस्ट्रेलियाने आपल्याच माणसांना बाहेर जायला बंदी केली होती. जायचं तर सरकारकडे अर्ज करायचा, कारण सांगायचं, पुरावा जोडायचा. डॉक्टरांचा कागद आणि आजारी नातेवाइकाचं स्वतःचं पत्र, इंग्रजी भाषांतरासह. श्रीनिवासने डॉक्टरांचा कागद पाठवला. त्यावर अक्षर डॉक्टरी असल्याने 'ईसीजी' सोडून काही लागत नव्हतं. म्हणजे सगळी मदार आईच्या पत्रावर.

"आई, सरकारला दाखवायला एक पत्र लिहून दे. चार ओळी," मुरलीधर फोनवर म्हणाला.

"देते की," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी पत्राचा फोटो आला. मुरलीधर तेव्हा अठ्ठ्याऐंशीव्या स्लाइडवर होता. त्याने आईचं वळणदार अक्षर पाहिलं, कौतुकाने मान हलवली, आणि फोटो तसाच मेधाला पाठवून दिला. मेधा वेरिबीला राहायची. सरकारमान्य भाषांतरकार होती. भाषांतर आलं, शिक्का होता, ते अर्जाला जोडलं, आणि मुरलीधर पुन्हा १९७१च्या विमानात जाऊन बसला.

व्याख्यान गाजलं. एकोणचाळीस खिडक्या होत्या, त्यांतल्या नऊ-दहांत चक्क माणसंही होती. मंडळाचा अध्यक्ष रवींद्र पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर. त्याने सुरुवातीलाच निकाल लावला. "त्या उंचीवरून, त्या थंडीत, ऑफिसच्या बुटांत? गेला तो. फिजिक्स आहे, मेट." टार्नीटच्या डेंटिस्टला तो पुरुष नव्हताच, बाई होती असं वाटत होतं. आणखी कुणाला तो विमान कंपनीतलाच चिडलेला नोकर वाटला. आपल्या मॅनेजरकडे पाहता हे पटण्यासारखं आहे, असंही त्याने चॅटमध्ये लिहिलं.

मुरलीधरने सगळ्यांना पुरून उरत सांगितलं, की तो वाचला. "घरी गेला तो. माणूस एवढा खटाटोप करतो तो शेवटी घरी जायलाच." मग तो त्याच्या लाडक्या जागी आला. अपहरणकर्त्याने हवाई सुंदरीच्या हातात चिठ्ठी दिली, आणि बाईंनी ती न वाचताच पर्समध्ये टाकली! शेवटी त्यालाच सांगावं लागलं, की बाई, जरा वाचा, माझ्याकडे बॉम्ब आहे. "हातात आलेला कागद माणूस वाचत नाही, याला काय म्हणायचं?" मुरलीधर गरजला. सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी पाठवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारचा ईमेल आला. अर्ज नामंजूर. सोबतच्या पत्रानुसार आपल्या मातोश्रींची प्रकृती उत्तम असल्याचे दिसते, सबब प्रवासाचे निकडीचे कारण आढळत नाही.

मुरलीधरने सरकारचा यथेच्छ उद्धार केला. वंशवाद, गोरे लोक, साहेबी माज, सगळं झालं. तोवर सुनेत्राने त्याच्या फोनवर आईचं पत्र उघडलं आणि मोठ्याने वाचलं.

"चिरंजीव मुरलीधर यास अनेक आशीर्वाद. इकडे सर्व कुशल आहे. माझी प्रकृती ठणठणीत असून काळजीचे काहीच कारण नाही. श्रीनिवास उगाच घाबरतो. तू नोकरी टाकून धावपळ करू नयेस. चि. उर्वीच्या अभ्यासाकडे लक्ष द्यावे. सरकारी साहेबांस माझा नमस्कार सांगावा."

तिने फोन त्याच्या हातात ठेवला.

"हातात आलेला कागद माणूस वाचत नाही," सुनेत्रा म्हणाली, "याला काय म्हणायचं?"

मुरलीधरने मेधाला फोन लावला. "अगं, तू तरी सांगायचंस!"

"मी जे लिहिलंय ते करते, मुरली. त्याचेच पैसे घेते," मेधा म्हणाली. "आणि मला वाटलं, तू वाचलं असशील. या महिन्यात असं तिसरं आलंय. एक काकू व्हेंटिलेटरवरून उतरल्या त्या दिवशी 'मजेत आहे' लिहून मोकळ्या झाल्या. आपल्या आया पत्रात दुसरं काही लिहितच नाहीत रे."

तो मग गराजमध्ये जाऊन उभा राहिला. लाज वाटली त्याला, चांगलीच वाटली. पन्नास वर्षांपूर्वीच्या अनोळखी माणसाच्या टायची क्लिप त्याला पाठ होती. आई व्हिडिओ कॉलवर हल्ली चेहरा का दाखवत नाही, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. नेट स्लो आहे म्हणाली, आणि या थोर संशोधकाने मान डोलावली होती.

त्याने मिरजेला फोन लावला.

"आई, पत्र सरकारला द्यायचं होतं! आजारी आहे असं लिहायचं ना!"

"परक्या माणसांना घरातली दुखणी सांगायची? बरं दिसतं का ते?"

"मग मला तरी सांग. खरं सांग, कशी आहेस?"



"तू येणार असशील तर सांगते," आई म्हणाली. "येणार नसशील तर बरी आहे."

"येतोय," तो म्हणाला. "सांग."

"नक्की?"

"नक्की येतोय, आई."

"मग लिहून घे. माझा हात थरथरतो आता. ते पत्र लिहायला सबंध दुपार गेली."

त्याने शेल्फवरचं एक खोकं फाडलं आणि त्याच्या पाठीवर लिहू लागला. बाई शिक्षिका होती, शुद्धलेखन घातल्यासारखं सांगत गेली. फेब्रुवारीपासून पाय सुजतात. आडवं पडलं की श्वास कोंडतो, म्हणून खुर्चीत बसून झोपते. जिना उतरून चार महिने झाले. पोळ्या लाटवत नाहीत. श्रीनिवासची बायको दोन आणून देते. मधूनमधून ती थांबायची, दम खायची, आणि स्वल्पविराम दिलास का, म्हणून विचारायची.

"आणि लिही, एकटीला भीती वाटते."

मुरलीधर थांबला. "कधीपासून, आई?"

"तू गेलास तेव्हापासून," ती म्हणाली. "पण ते नको घालूस. ते सरकारला कशाला?"

त्याने ते घातलं नाही. बाकीचं मेधाने त्याच संध्याकाळी इंग्रजीत केलं, आणि आठव्या दिवशी सरकारने त्याला जाऊ दिलं.