रिंगमध्ये आणि टाकीवर

माझं शेवटचं पोस्टिंग दिल्ली कॅन्टोन्मेंटला होतं. पलटणीची बॉक्सिंग टीम माझ्याकडे होती. पाचला रोलकॉल, मग रनिंग, मग ग्लोव्ह्ज. रिटायर झाल्यावर मुलीकडे गाझियाबादला आलो. आता सोसायटीतली पोरं शिकवतो.

परवा एक बाप आला. मुलाकडे व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडलं होतं.

"सर, याला बॉक्सिंगमध्ये घ्या. नशा आपोआप सुटेल, बिल्कुल."

हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. अहो, खेळ म्हणजे काय जुलाबाचं औषध आहे? बापाला बसवलं आणि माझ्या टीममधल्या सिपाही नितीन खोतची गोष्ट सांगितली.

खोत कोल्हापूरकडचा, एकोणीस वर्षांचा, माझा सर्वांत चांगला बॉक्सर. भीती म्हणून नाहीच. पण एका जागी बसवा, पाच मिनिटांत वैतागणार. हात दुखावला तेव्हा डॉक्टरांनी दुखणं थांबवणाऱ्या कॅप्सूल दिल्या. हात बरा झाला, तरी हा आउटपासवर बाहेर जाऊन नशेसाठी त्या विकत घेत राहिला. आम्हाला पत्ता नाही.

सेमीफायनल त्याने सकाळी पहिल्याच राउंडमध्ये जिंकली. दुपारी तो पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर उभा दिसला. झुलत होता.

मी वॉकी-टॉकीवर म्हणालो, "कंट्रोल, जवान टाकीवर आहे. ॲम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"कुठल्या टाकीवर? ओव्हर."

"गाड्यांच्या एमटी शेडमागच्या. सायरन नको. आउट."

मग वर ओरडलो, "खोत, खाली उतर!"

"साब, मस्त हवा आहे इथं."

शिव्या घालत शिडी चढलो. गुडघा ठणकत होता. त्याची कॉलर धरून आत ओढला.

"अरे गाढवा, जिंकलास ना सकाळी?"

"बाउट संपली ना, साब. मग दिवसभर काय करू?"

एवढा संताप आला, तशाच संतापात त्याला धरून शिडीवरून खाली आणला. हॉस्पिटलात डॉक्टरसाहेब म्हणाले, "याला थरार लागतो. रिंगमध्ये मिळतो, गोळ्यांतही मिळतो. रिकामा ठेवू नका, आणि एकटा तर नाहीच."

फायनल गेली. शिक्षा झाली, उपचार झाले. बरेच महिने मी त्याच्या मागे लागलो होतो. पुन्हा एकदा घसरला, पुन्हा ओरडलो. मग सुटलं. पुढे फिट ठरल्यावर त्याने स्वतःहून बर्फातल्या रेस्क्यू टीममध्ये नाव दिलं.

तिथेच गेला. हिमस्खलनात दबलेल्या एकाला बाहेर काढलं, दुसऱ्यासाठी परत आत शिरला आणि वरून आणखी बर्फ आला.

पार्थिवाबरोबर मी त्याच्या गावी गेलो होतो. अंत्यसंस्कारानंतर त्याच्या आईने मला जवळ बोलावलं.

"लई हूड होता बगा ल्हानपणापास्नं. तिकडं त्येला वरडायला कुणी हुतं का?"

"होतं, मावशी. मी होतो."

"मग बरं," ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ माझा हात धरून बसली.