त्रेसष्ट नोटिसा, एक दार

सदानंद म्हणजे कागदातला किडा. कतारमधल्या अल खोरहून कंपनीच्या बसने रोज गॅस प्रकल्पावर जायचं आणि नकाशे तपासायचे, हे त्याचं काम. शिक्का जुना दिसला की साहेबाचासुद्धा नकाशा परत! आणि अशा माणसाने पनवेलजवळचं घर घेतलं कुठे, तर दोह्याच्या हॉटेलातल्या प्रदर्शनात, फुकटचे समोसे खाताखाता. आता बोला!

सुट्टीत तो आणि बायको नयना साइटवर गेले, तेव्हा बिल्डरने त्यांना नमुन्याच्या फ्लॅटसमोर उभं केलं, हातात पुठ्ठ्याची किल्ली दिली आणि फोटो काढला. निळं दार, वर पितळी गणपती. सहा वर्षं तो फोटो अल खोरच्या भाड्याच्या भिंतीवर लटकतोय. त्याचीच एक प्रत निफाडला सासऱ्यांकडे, श्यामरावांकडे गेली. "मामा, घर झालं आपलं," असं सदानंदने फोनवर ठोकून दिलं होतं.

झालं होतं कसलं डोंबलाचं! इमारत चौथ्या मजल्यावर थांबली आणि सदानंदचा फ्लॅट अकराव्यावर. कर्ज देणाऱ्या कंपनीने सगळे पैसे आधीच बिल्डरच्या घशात घातले होते. चिडून त्रेसष्ट घरमालकांनी हप्ते थांबवले आणि सगळ्यांनी मिळून एकच दावा ठोकला. कंपनीने उलट चौदा तारखेचा लिलाव जाहीर केला. घराचा पत्ता नाही, पण लिलावाची तारीख पक्की!

शुक्रवारी उम्म सलाल मोहम्मद या गावी डॉमनिकच्या घरी मीटिंग भरली. डॉमनिक वसईचा, इस्पितळाच्या ऑफिसात नोकरीला. कंपनीचं उत्तर आलं होतं: नोटीस प्रत्येक फ्लॅटच्या दारावर रीतसर चिकटवली, फोटो सोबत जोडला आहे. सदानंदने आपल्या नोटिशीचा फोटो उघडला आणि ओरडलाच, "अरे, हे तर माझं दार!"

"तुझं कुठलं? माझं आहे ते," डॉमनिक म्हणाला. "दारावर गणपती कसा, हे मी बायकोला, जेनला, सहा वर्षं समजावतोय."

सगळ्यांनी फोन काढले. तेच निळं दार, तोच गणपती, तीच पुठ्ठ्याची किल्ली. कंपनीच्या माणसाने त्या एकाच दारावर नोटीस चिकटवायची, फोटो काढायचा, ओरबाडायची आणि पुढची चिकटवायची, असा दिवसभर उद्योग केला होता. अकरावा मजला चढायचे कष्ट नकोत, आणि चढणार तरी कशावरून!

टाळ्या पडल्या. तेवढ्यात मुंबईहून वकीलबाईंचा फोन आला. जयमालाबाई म्हणाल्या, "उत्तम! आता प्रत्येकाने आपला फोटो जोडून प्रतिज्ञापत्र द्या: हे माझं घर नाही, माझं घर बांधलेलंच नाही. भारतीय वकिलातीत जाऊन सह्या करा."

झालं, मंडळी गार! कुणाला ड्युटी आठवली, कुणाला मुलाची परीक्षा. कारण तो फोटो प्रत्येकाने गावाकडे 'आमचं घर' म्हणून पाठवला होता. सदानंदचं तोंड तर एरंडेल प्यायल्यासारखं झालं. श्यामराव निफाडच्या बाजारात जावयाच्या घराचं कौतुक सांगत हिंडायचे, त्यांना काय तोंड दाखवायचं?

घरी नयना म्हणाली, "घर वाचवायचंय की नाक, ते ठरवा. दुसऱ्याच्या कागदावर शिक्का जुना दिसला की परत पाठवता ना? मग हा चुकीचा कागद तर आपलाच आहे."

सदानंदने रजा टाकली आणि वकिलातीत पहिली सही केली. दुसरी डॉमनिकची. मग ज्यांची ड्युटी होती त्यांना सुट्टी मिळाली, परीक्षा आपोआप पुढे गेल्या. त्रेसष्ट प्रतिज्ञापत्रं आणि एक दार बघून न्यायाधीश हसले म्हणे, आणि त्यांनी लिलाव थांबवला.

आता राहिला निफाडचा फोन. सदानंदने भिंतीवरचा फोटो उतरवला आणि नंबर लावला.

"मामा, एक चुकीचं बोललो होतो. ते घर..."

"चारच मजले आहेत," श्यामराव म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पहिल्याच वर्षी गेलो होतो की बघायला, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. वॉचमनला देऊन परत आलो."

सदानंदने हातातला फोटो उलटा करून ठेवला. "मग बाजारात कौतुक कसलं सांगत होता, मामा?"

"लोक विचारतात ना, जावयाच्या घरात राहतं कोण? म्हटलं, भाडेकरू ठेवलेत. नवरा-बायको आणि दोन पोरं, एक दहावीत. आता जावईबापू, निकाल लागला का विचारतात लोक. मी काय सांगू त्यांना?"