बारा ओळी

माझ्या बायकोच्या काकांनी आयुष्यात जेवढं विणलं, त्यापेक्षा जास्त उसवलं. हिशेबाने हे शक्य नाही, न विणलेलं कुणाला उसवता येत नाही, हे मलाही कळतं. पण त्यांच्याबरोबर एका छपराखाली नऊ वर्षं काढल्यावर माझा असल्या हिशेबावरचा विश्वास उडाला. विरार पूर्वेला, फुलपाड्यात, चौथ्या मजल्यावर आमचा वन रूम किचनचा ब्लॉक होता आणि त्यातली अर्धी खोली काकांची. त्या अर्ध्या खोलीत एक खाट, एक ट्रंक, एक पेटीचरखा आणि उरलेल्या सगळ्या जागेत लोकर. आमच्याकडे थंडी जानेवारीत आठ दिवस येते आणि तीही सकाळी साडेसातला निघून जाते. अशा ठिकाणी हा माणूस बारा महिने स्वेटर विणत बसलेला असे, आणि त्यांचा एकही स्वेटर पुरा झालेला मी त्यांच्या हयातीत पाहिला नाही.

कारण चूक. चाळीसेक ओळी झाल्या की ते विणलेला तुकडा मांडीवर पसरत, डोळे मिटत आणि त्यावरून हलकेच बोटं फिरवत. कुठेतरी बोट थांबे. "सापडला," ते म्हणत, जणू महिनाभर पाळतीवर ठेवलेला चोरच हाती लागला. नवव्या ओळीत सुलट टाक्याच्या जागी एक उलट पडलेला असे. मग सुई काढून घ्यायची, धागा ओढायचा, आणि बघता बघता चाळीस ओळींची पुन्हा नुसती लोकर. माझी बायको कळवळून म्हणे, "अहो काका, कुणाला दिसणार होता तो?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "दिसण्याचा प्रश्न नाही गं. तो आहे."

काकांचं घराणं वटार गावचं, बागायतदारांचं. विसाव्या वर्षी छातीचं दुखणं लागलं आणि दोन वर्षं सॅनेटोरियममध्ये काढावी लागली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने त्यांना विणायला शिकवलं, आणि एक बाही अर्धी टाकून तो माणूस गेला. ती बाही काकांनी पुढे नेली. मी विचारलं, "मग पुरी केलीत?" म्हणाले, "मनगटापर्यंत आणली. मग त्याची एक चूक सापडली. उसवली." मेलेल्या माणसालाही त्यांनी सूट दिली नव्हती. दुखणं बरं झालं तरी लग्नाचं कुणी विचारलं नाही. त्यांनी मुंबईत सरकारी कचेरीत नोकरी केली, भाऊ वारल्यावर त्याच्या मुलीला वाढवलं, तिचं लग्न माझ्याशी लावलं आणि निवृत्त झाल्यावर चरखा घेऊन आमच्याकडे आले. लग्नात तिला स्वत:च्या हातचा स्वेटर देणार होते. प्रत्यक्षात एका पिशवीतून लोकर दिली आणि म्हणाले, "स्वेटर हाच आहे. फक्त अजून झालेला नाही."

दुकानातल्या लोकरीवर त्यांचा विश्वास नव्हता. भातकापणी झाली की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या बाजूला उतरत. काका त्यांचा तळ शोधत सायकलवरून हिंडत आणि गोणीभर लोकर घेऊन येत. तिचा वास आमच्याआधी शेजाऱ्यांना कळे. ती धुवायची कुठे, तर आमच्या मोरीत, आणि तेही टँकरच्या पाण्याने. सोसायटीचे चेअरमन एकदा दारात येऊन उभे राहिले. "काय अंकल, इथे माणसांना अंघोळीला पाणी नाही आणि तुम्ही मेंढीला अंघोळ घालताय?" काका बादलीतून मान वर न करता म्हणाले, "मेंढी नाही हो. फक्त तिचे केस." मग ती लोकर वाळवायची, पिंजायची, चरख्यावर कातायची. धागा एके ठिकाणी सुतळीसारखा, तर पुढच्याच वितीत केसासारखा. एका वर्षी निर्मळ गावाहून केळीचे सोप, म्हणजे खोडाचे पापुद्रे, आणून त्यांचा धागा काढायचा घाट घातला. महिनाभर घरभर चिकट पाणी आणि बायकोचे टोमणे. शेवटी स्वत:च तो नाद सोडला. म्हणाले, "केळीने सगळा मऊपणा फळातच संपवलाय."

कातलेली लड सोडवून तिचा गुंडा करायचा तर समोर कुणीतरी दोन्ही हात पुढे करून बसावं लागतं. काका नुसतं "हात" म्हणत, आणि आलेल्या माणसाच्या मनगटांत लड पडे. एक विमा एजंट असा अर्धा तास बसला होता. पॉलिसीची बॅग त्याच्या पायाशी, दोन्ही हात हवेत, आणि काका त्याला मेंढीच्या मानेच्या आणि पोटाच्या लोकरीतला फरक समजावतायत. तो बॅग न उघडताच गेला, आणि पुन्हा आमच्या जिन्यात दिसला नाही.

संध्याकाळी मात्र ते हात माझे असत. बायको सात ते नऊ शेजारच्या इमारतीत शिकवण्या घेई. मी कामावरून येऊन चहा घेतला की काका म्हणत, "जावईबापू, हात." मी वैतागल्यासारखं दाखवी. खरं म्हणजे दिवसभरात तेवढा एकच तास माझ्याकडून कुणी काही जास्त मागत नसे.

पुढे त्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून जितकी टिकेल तितकी. त्या संध्याकाळी काकांनी लड काढली नाही. माझ्या हातात सुया दिल्या. "तिचा स्वेटर नजर आहे तोवर पुरा करायचाय. निसटलेला टाका उचलायला मला कुणाचे तरी डोळे लागतील. तिला सांगू नका. तिच्याच स्वेटरचे टाके तिनेच कशाला उचलायचे?"

मी शिकलो. आधी दार लावून घेतलं, पडदे ओढले, मग शिकलो. माझे टाके इतके घट्ट की सुई आत शिरत नसे. "अहो, गळा का आवळताय त्याचा? त्याने काय केलंय तुमचं?" असं म्हणत ते माझी बोटं सैल करत. निसटलेला टाका खाली उतरत जायच्या आत बारीक सुईने पकडून वर कसा आणायचा, हेही शिकवलं. महिन्याभरात स्वेटरच्या पुढच्या भागात, काखेपाशी, मुंढ्याच्या जरा खाली, माझ्या हातच्या बारा ओळी झाल्या. त्या बारा ओळी घालताना मला जे वाटलं, ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. एखादी गोष्ट माझ्यामुळे वाढतेय, असं मला त्यापूर्वी कधी वाटलं नव्हतं.

मग तो रविवार. टँकर यायचा होता, खाली फाटकाशी पिंपांची रांग लागली होती. काका उलट्या बादलीवर बसून विणत होते आणि मोठ्याने टाके मोजत होते. कुणीतरी म्हणालं, "काका, पाण्याच्या टाकीला स्वेटर घालताय काय?" काका मोजता मोजता हसले. हे रोजचंच होतं. मग समोरच्या इमारतीतला एकजण माझ्याकडे वळला. "आणि जावईबापूंनीपण हातात सुया घेतल्यात म्हणे. परवा खिडकीच्या पडद्याच्या फटीतून दिसलं आमच्या मिसेसला. काय साहेब, आता बाळंतविडा घरच्या घरी?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि म्हणालो, "मी? छे हो. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, गप्प बसावा म्हणून हातात धरतो झालं."

काका माझ्यापासून चार पिंपांवर होते. ते "सत्तेचाळीस" म्हणाले होते. अठ्ठेचाळीस आलं नाही. जरा वेळाने पुन्हा "एक, दोन" ऐकू आलं, पण हळू, स्वत:पुरतं.

रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळी जाऊन बसलो, तर म्हणाले, "आज राहू दे जावईबापू. दमला असाल." तेवढ्याच मायेने म्हणाले. पुढच्या आठवड्यात पाहिलं, तर त्यांनी लड खुर्चीच्या पाठीला अडकवली होती आणि खुर्चीभोवती स्वत: वाकून वाकून गुंडा करत होते. मी "द्या इकडे" म्हणायला हवं होतं. मी वर्तमानपत्र उघडलं.

त्यानंतर दीडेक वर्ष ते जगले. नजर आधी कडेने गेली, मग उरली ती एका नळीतून पाहावं तेवढीच. त्यांच्या अर्ध्या खोलीच्या पडद्यापलीकडून सुयांचा आवाज येई आणि मध्येच थांबे. त्या थांबण्याचा अर्थ घरात मला एकट्याला कळत होता. टाका निसटलाय आणि काका बोटांनी तो शोधतायत. माझे डोळे चांगले होते आणि हाताला तेवढं कसब आलं होतं. मी उठलो नाही. आधी लाज वाटत होती म्हणून, आणि मग इतके दिवस उठलो नाही म्हणून. पावसाळ्यात छातीचं जुनं दुखणं पुन्हा उलटलं. ते इस्पितळात वारले तेव्हा मी कामावर होतो.

तेराव्यानंतर बायकोने ट्रंक उघडली. सगळ्यात वर स्वेटर होता. पुरा. एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब, गळा वाकडा, आणि मुंढ्याच्या वर जागोजागी टाके निसटून पडलेली भोकं. बायको तो छातीशी धरून रडत होती आणि मी त्यात माझ्या बारा ओळी शोधत होतो. त्या असणार नाहीत, अशी माझी खात्री होती. त्या होत्या. आवळलेल्या, कंजूष, आजूबाजूच्या विणीपासून वेगळ्या. त्यांना दिसल्या नसतील, असं मी स्वत:ला समजावून पाहिलं. पण काकांना चूक कधी डोळ्यांनी सापडतच नव्हती.

त्याला आता बरीच वर्षं झाली. दर जानेवारीत ते आठ दिवस बायको तो स्वेटर घालते. तो टोचतो, आणि ती तक्रार करत नाही. गेल्या थंडीत तिने तो डांबरगोळ्यांतून काढला, मांडीवर पसरला आणि काकांसारखेच डोळे मिटून त्यावरून बोटं फिरवू लागली. मुंढ्याच्या खाली बोट थांबलं.

"हा काकांचा हात नाही," ती म्हणाली.

मी म्हणालो, "माझा आहे."

तिचं बोट त्या बारा ओळींवरून सावकाश वर सरकलं आणि पहिल्या भोकात जाऊन थांबलं.

"तुम्हाला येत होतं," ती म्हणाली. "मग ही भोकं का राहिली?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे लिहिलं. बारीक सुई अजून काकांच्या ट्रंकेत आहे.