झोतावरच्या काड्या

लातुरात मी भौतिकशास्त्र शिकवते ते डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना. "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" हा एकच प्रश्न त्यांना पडतो, आणि मी घरी जे करते ते कोणत्याच परीक्षेला येत नाही. एका लांबच्या दीर्घिकेच्या गाभ्यातून तप्त वायूचा झोत निघतो. त्यातलं चुंबकक्षेत्र डोळ्यांना दिसत नाही. पण तिथून येणारी रेडिओ लहर कोणत्या दिशेला थरथरते ते दुर्बीण टिपते, आणि त्यावरून क्षेत्र झोताच्या लांबीनं चाललंय की आडवं, ते काढता येतं. नकाशावर आम्ही ती दिशा बारक्या काड्यांनी दाखवतो. घरमालकीणबाईंनी एकदा स्क्रीन बघून विचारलं, "रांगोळी काढून राहिलात का?" मी "हाव, रांगोळीच" म्हणाले. कुठं सांगत बसू!

आम्ही म्हणजे मी आणि माझी नांदेडची मैत्रीण. विद्यापीठात एकाच टेबलाला समोरासमोर बसायचो. आमची रीत ठरलेली: एकच निरीक्षण दोघींनी वेगवेगळं साफ करायचं, एकमेकींना काही दाखवायचं नाही, आणि शेवटी एका नकाशावर दुसरा ठेवायचा. वाटेतला वायू त्या दिशेला पीळ देतो, दुर्बिणीचे स्वतःचे दोष त्यात मिसळतात. ते काढताना माणूस नकळत आपल्याला हवं तिकडं काडी वळवतो. जुळलं की ती ओरडायची, "चहा तुझ्याकडून!" नाही जुळलं तर भांडण. लई भांडायचो, आणि त्या भांडणात मला बरं वाटायचं.

मग तिला हदगावला कॉलेजात नोकरी लागली, लग्न झालं, मूल झालं. या झोतातला तिचा वाटा राहूनच गेला. माझ्या नकाशात क्षेत्र आडवं आलं होतं, सगळ्यांची अपेक्षा होती त्याच्या उलट. खरं असेल तर माझं इतक्या वर्षांचं काम उभं राहणार होतं. चुकलं असेल तर सगळं मातीत. फोन केला की ती म्हणायची, "या रविवारी नक्की करते गं." रविवार येत राहिले. राग यायचा, मग रागाचीच लाज वाटायची. तान्ह्या लेकराच्या आईवर कसला राग!

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत मीच बसले. पहिला नकाशा उघडायचाच नाही असं ठरवलं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा साफ केलं, तिच्या पद्धतीनं, तिच्यासारखीच चिडचिड करत. मग एकावर एक ठेवले. काडी न् काडी जुळली. शेजारी फटाके वाजत होते, आणि मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. तिलाच फोन लावला.

"जुळलं!" मी म्हणाले.

"अगं बाई! दुसरं कुणी केलं?"

"मीच."

पलीकडं तिचं बाळ रडत होतं. तिनं त्याला उगी केलं. मग हळूच म्हणाली, "दोन्हीकडून तूच बसलीस होय गं?" आणि मला जे रडू फुटलं ते आवरेचना.