दोर्सिलाचं छप्पर

देवाची इच्छा शोधायला आमच्या चर्चच्या मंडळीनं एक समिती नेमली आहे, आणि मी तिला पुरता विटलोय. पाळकांच्या मोटारसायकलचं चाक पंक्चर झालं, तरी ही माणसं डोळे मिटून त्यात देवाचा निरोप शोधत बसतात.

आता दोर्सिलाचंच बघा. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, पण रीतीप्रमाणे दिराला नवरा म्हणून घरात घ्यायला तिनं साफ नकार दिला. आम्हा लुओ लोकांत अशा विधवेच्या घराला कुणी हात लावत नाही, लावला तर त्याच्या संसाराला शाप लागतो म्हणतात. छपराची चाळण झालीय. पाऊस आला की पोरींच्या वह्या ती पातेल्यात झाकून ठेवते. सुकी मासळी विकून तिनं नवे पत्रे आणले, ते आठ महिने भिंतीला टेकून उभे आहेत आणि समिती प्रार्थना करतेय.

रविवारी समितीचे प्रमुख ओगाडा म्हणाले, देवाची इच्छा अजून स्पष्ट होत नाही. दोर्सिला शांतपणे उठली.

"बाबा, तुम्ही विचारता देवाला आणि उत्तर ऐकता आजोबा-पणजोबांचं."

मी खूश झालो. तिच्या अंगणापर्यंत मी ओगाडांना शिव्या घालत गेलो. भित्रे कुठले, ढोंगी कुठले, तोंडाला येईल ते बोललो.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीला शिडी लावली.

"चढ मग, ओचोला. गावात सुतार तूच आहेस."

मी म्हणालो, समितीचा एकदा होकार येऊ दे.

"बायकोला सातवा महिना लागलाय, म्हणून ना?"

रविवारीही खांद्यावर असणारी हत्यारांची पिशवी मी खाली ठेवली.

"तू स्वतः कधी देवाला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. तिनं माझ्या पिशवीतून हातोडी घेतली, खिळे कमरेच्या फडक्यात बांधले आणि शिडी तरी धर म्हणाली. मी धरली.

वर पहिला खिळा ठोकला गेला, तेव्हा मी देवाला विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता, घरी बायको बरी आहे ना, हे पाहायला पळत सुटावंसं वाटलं. स्वतःचा इतका राग मला आजवर आला नव्हता.