शिरीष कावून पडला

आमच्या शेजारचे लांजेवारकाका टांगलेल्या कुठल्याही वस्तूखालून जात नसत. मांडवाची कमान असो, दुकानाची पाटी असो, नाहीतर गच्चीवरून लोंबणारी ओली चादर असो, हा माणूस वळसा घालूनच जायचा. माझ्या नणंदेच्या लग्नात सगळी वरात फुलांच्या कमानीखालून वाजतगाजत आत आली आणि काका आहेराचं पाकीट हातात धरून मागच्या बाजूने, भांडी घासणाऱ्या बायांमधून, मांडवात शिरले. मला हसू आवरेना. तर मलाच म्हणाले, "हसा बाई, हसा. वजन कोणाची वळख ठेवत नाई."

आता काका नाहीत. रिसालीतल्या आमच्या गल्लीत आलेल्या नव्या भाडेकरूंना त्यांचं नावही माहीत नाही, म्हणून हे लिहितेय. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये ते एकतीस वर्षं रिगर होते. क्रेनने जे अवजड उचलायचं त्याला दोर-साखळ्या बांधायच्या, हाताने इशारे करायचे आणि ते नेमक्या जागी उतरेपर्यंत नजर हलवायची नाही, हे त्यांच्या टोळीचं काम. एकतीस वर्षांत टोळीतल्या एकाचंही नख गेलं नाही, हे ते भेटेल त्याला सांगत. दूधवाल्याला सांगत, सिलिंडर आणणाऱ्याला सांगत. गोंदियाकडच्या खेड्यातून रिकाम्या हाताने आलेल्या या माणसाजवळ मिरवायला एवढं एकच होतं, आणि ते मनसोक्त मिरवत.

दुसरी सवय त्याहून वैताग आणणारी. प्लांटमध्ये अपघात झाला की चौकशी बसते. काकांनी ती चौकशी घरी आणली होती. दूध उतू गेलं की काकूंना तीन प्रश्न. "काय झालं? कावून झालं? परत होऊ नाई म्हनून काय कराचं?" कावून म्हणजे का. उत्तरं कागदावर लिहायची आणि खाली, ज्याची चूक त्याने सही करायची. काकूही काही कमी नव्हत्या. एकदा म्हणाल्या, "लिवा, दूध उतू गेलं, कारन नवरा गोठी सांगून राह्यला होता." काकांनी खरोखर तसंच लिहिलं आणि सही ठोकली! गणपतीत मंडपाचा एक बांबू निसटला तर सगळ्या गल्लीला चटईवर बसवून चौकशी झाली. आम्ही भरपूर टिंगल करायचो. पण एक होतं, चूक माहीत असली तरी काका कधी कोणाकडे बोट दाखवत नसत. म्हणायचे, "ज्याची चूक त्यानंच सांगाची. दुसऱ्यानं सांगतली तं ते चुगली होते, चौकशी नाई."

त्यांच्या अंगणात, आमच्या सामायिक भिंतीला लागून, शिरीषाचं झाड होतं. दुमजली घराच्याही वर गेलेलं. काका निवृत्त झाल्यानंतरच्या वर्षी भाद्रपदात पाच दिवस झड लागली होती. सहाव्या दिवशी उघडीप पडली आणि दुपारी तीनच्या सुमाराला, वारा नाही, वीज नाही, ते झाड आमच्या अंगावर आलं. मी स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते. एकदम अंधारून आलं, मग भिंत फुटल्याचा आवाज झाला. धावत बाहेर आले तर बुंधा भिंतीवर अडकलेला, फांद्या व्हरांड्याच्या पत्र्यावर, आणि एक जाडजूड फांदी सासूबाईंच्या खोलीच्या छज्ज्यावर टेकलेली. सासूबाई आत खाटेवर बसून विचारत होत्या, "काय गं पडलं?" आणि गंमत म्हणजे ते पूर्ण पडलंच नव्हतं. मधूनमधून करकरायचं आणि बोटभर खाली सरकायचं.

सासूबाईंना उचलून काकूंकडे नेलं, आणि मग माझं तोंड सुटलं. "काका, आमच्या माणसाचा जीव गेला असता! दुनियेला सेफ्टी शिकवत फिरता आणि घरचं झाड दिसत नाही तुम्हाला?" गल्ली जमली होतीच. समोरचे पांडेजी म्हणाले, "लांजेवार जी, प्लांट में इकतीस साल कुछ नहीं और घर में ही एक्सीडेंट?" लोक हसले. काका झाडाकडे बघत उभे होते. इतकंच म्हणाले, "साजरं झाड होतं."

मी गर्दीत मागे सरले. कारण ते साजरं झाड कशामुळे पडलं हे मला माहीत होतं. वैशाखात आम्ही जुनी गाडी घेतली तेव्हा ती उभी करायला मी अंगणात काँक्रीट करून घेतलं. शिरीषाची मुळं भिंतीखालून आमच्याकडे आली होती, फरशी उचलत होती. मजूर म्हणाला, "बाई, मांडीएवढी जाड आहेत, शेजाऱ्यांना विचारून घ्या." मी म्हटलं, आमच्या जागेतली आहेत, विचारायचं काय त्यात? त्याने भिंतीलगत तीन मुळं कुऱ्हाडीने तोडली, वर काँक्रीट पडलं, विषय संपला. यजमान हथखोजला कारखान्यात होते, त्यांनाही मी बोलले नाही. त्या दुपारी मी जो आरडाओरडा केला तो अर्धा भीतीचा होता आणि अर्धा, आता लपवून काय करू, स्वतःचं झाकण्यासाठी होता.

यजमान म्हणाले, करवतवाले बोलावू, तासाभरात मोकळं करतील. काकांनी त्यांना फाटकातच अडवलं. "अडकलेलं झाड कापाचं नसते भाऊ, पह्यले धराचं असते. कुठी जोर हाय ते मालूम नसतांना करवत लावली तं फांदी उलटून छातीत बसते." त्यांनी जुन्या लाल साडीच्या पट्ट्या फाडून दोन्ही घरांभोवती बांधल्या आणि खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. दोन दिवस बसले. कुत्रं पट्टीच्या आत गेलं तरी शिट्टी वाजवायचे. मी आपली घरात येरझारा घालतेय. चहा ठेवायचा, विसरायचा, परत ठेवायचा. झाड करकरलं की वाटायचं, आता ओरडून सांगेल. काका मान वर करून बघायचे तेव्हा तर मी खिडकीतून बाजूला सरायचे. लोक जाता-येता थांबायचे, काकांना "क्या हुआ, गुरुजी?" म्हणायचे, आणि त्यांच्या मानेवर लाली चढायची. प्लांटमधला गडी, नाव कमावलेला, आणि गल्लीतलं पोरसोर त्याला हसत होतं. एका वाक्यात मी ते थांबवू शकत होते. नाही थांबवलं.

तिसऱ्या दिवशी उतईहून साहूजी आले. काकांच्या टोळीतला जुना जोडीदार, गुडघ्याला पट्टा बांधलेला. सोबत आणखी दोन म्हातारे, साखळ्या आणि वजन उचलायची चेनपुली. मला तर हसावं की रडावं कळेना, चौघांचे मिळून आठ हात, त्यातले चार थरथरणारे! पण काकांनी हात वर केला आणि चौघंही बदलले. बोट फिरलं की साखळी ताणायची, मूठ मिटली की थांबायची. कोणी एक शब्द बोलत नव्हतं. सासूबाईंच्या छज्ज्यावरची फांदी उचलली तेव्हा एक टवकासुद्धा उडाला नाही. मग करवत लागली आणि दुपार टळेपर्यंत अख्खा शिरीष तुकडे होऊन रस्त्याकडेला रचून झाला.

राहिला फक्त जमिनीतला खुंट. मी जास्तीची साखर घातलेला चहा घेऊन लगबगीने गेले. "काका, दमलात. ते राहू द्या ना आता. कुजेल आपोआप."

"नाई बाई. खुंट काढाव लागते. कारन कागदावर लिवाचं असते."

रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाला साखळी बांधून त्यांनी तो उपसला. भिंतीकडच्या अंगाला तीन मुळं सरळ कापलेली, तोंडं काळी पडलेली. साहूजी वाकले, त्यावर बोट फिरवलं आणि छत्तीसगढीत पुटपुटले, "एला त कोनो काटे हे, लांजेवार." म्हणजे हे कोणीतरी तोडलंय. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "गड्डा भर रे, पोरं पडतीन." मी रिकामे कप गोळा केले आणि घरात निघून आले.

चौकशी त्याच संध्याकाळी, त्यांच्या अंगणात. लोक तमाशा बघायला यावं तसे आले. काकांनी चष्मा लावला, कागद मांडीवर घेतला. काय झालं ते लिहून झालं. मग विचारलं, "कावून झालं? कोणाले काई सांगाचं हाय?" पांडेजी म्हणाले, "बूढ़ा पेड़ था, लिख दीजिए." काका तडकले, "म्हतारं नवतं. पंचवीस वर्साचं होतं. खोटं लिवत नाई मी." पुन्हा विचारलं, "कोणाले काई सांगाचं हाय?" आणि मग तिसऱ्यांदा. मी पायाच्या अंगठ्याचं नख बघत बसले.  काकांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "धोका दिसत होता, वेळेवर सांगितलं नाही. चूक, लांजेवार." सही केली. दुधाच्या कागदावरची सही वेगळी, ही वेगळी. पेन टेकवताना त्यांचा हात थांबला, ते मी पाहिलं. काकू ताडकन उठून आत गेल्या. साहूजींनी विडी पेटवली आणि कोणाला राम राम न करता स्कूटर काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी करपवली, मीठ दोनदा घातलं, आणि शेवटी यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "जाऊ दे ना. भिंत पण तेच बांधून देऊन राहिले, आता कावून उकरते?" भिंत पण! मी गॅस बंद केला आणि तशीच त्यांच्याकडे गेले. काका पायरीवर बसून साखळीला तेल लावत होते.

"काका, मुळं मी तोडवली होती."

"माहीत हाय."

"मग तुम्ही काल..."

त्यांनी साखळी धाडकन खाली आपटली. त्यांना इतकं संतापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "काल तीन डाव इच्यारलं मी! तवा कुठी गेलं होतं तोंड? अन् आता माह्या कानात येऊन सांगून राह्यल्या. मले सांगून काय फायदा? ज्यायच्यासमोर सही केली त्यायले सांगा."

"हसतील हो ते मला."

"मले नाई हासले काय?"

 मी फाटकाबाहेर पडले आणि पांडेजींचं दार वाजवलं. ते वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकत राहिले आणि म्हणाले, "अरे भाभी, छोड़िए, हो गया." मी म्हटलं, नहीं छोड़ना है, आप उनको हँसे थे, मैं भी चिल्लाई थी. शेजारच्या वर्माबाईंनी ऐकता ऐकता दार अर्धं लोटून घेतलं. कोपऱ्यावरच्या घरातली सून तर तोंडावर पदर धरून हसली. सात घरं केली.  सातवं झालं तरी चैन पडेना, तेव्हा स्कूटी काढली आणि उतई गाठली. साहूजी खाटेवर गुडघा शेकत होते. सगळं ऐकून म्हणाले, "जानत रहेंव बेटी. चाय पी के जा." त्यांना ठाऊकच होतं, तरी त्या बाप्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. चहा पिताना माझे डोळे भरून आले, लाज वाटली, आणि तरी फार बरं वाटलं.

परत आले तेव्हा दुपार टळली होती. काका पायरीवरच होते.

"सगळ्यांना सांगितलं."

"साहूले?"

"त्यांनाही."

त्यांनी खिशातून तो कागद काढला, चष्मा लावला, आणि त्यांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं, सावकाश, पूर्ण. पेन माझ्यापुढे धरलं. मी सही केली. वाटलं, आता ते स्वतःचं नाव खोडतील. ते कागदाची घडी घालायला लागले.

"काका, तुमचं नाव खोडा ना. चूक माझी होती."

"कावून खोडू?" ते म्हणाले. "वैशाखात तुमचा मजूर कुऱ्हाड चालवून राह्यला होता, तवा मी गच्चीवर उभा होतो. तिन्ही मुळं तोडतांना पाह्यलं. आवाज देनारच होतो. मंग म्हटलं, जाऊ दे, शेजारी हाय, नाराज होईन." घडी खिशात ठेवून त्यांनी वर बटण लावलं. "झाड पडन हे तुमाले माहीत नवतं बाई. मले माहीत होतं."